नववी वगळून

३ ऑक्टोबर

दुआर्तेदादा,

पाकीट बघितलंस ना? लाल ओठ माझेच आहेत. आईच्या लिपस्टिकची अर्धी कांडी गेली त्यात. मागच्या बाजूला 'तुझी, फक्त तुझी, ग्लोरिया' असं लिहिलंय. शाळेत एकाने सांगितलं, की नौदलाच्या ट्रेनिंगला असलं पाकीट आलं की सगळ्यांसमोर पुश-अप मारायला लावतात. खरं आहे का? किती मारलेस ते कळव. आकडा कमी वाटला तर पुढच्या पाकिटाला अत्तर लावीन.

हे सगळं तू न सांगता गेलास म्हणून. बाबा गोठ्यात, आई रताळ्यांच्या पॅकिंगला, मी शाळेत, आणि साहेब बॅग उचलून थेट इलिनॉय. फ्रिजवर काय लिहून गेलास? 'दूध संपलंय.' डेअरीवर राहणारी माणसं आपण, दादा.

बाबा तुझं नाव घेत नाहीत. 'तो' म्हणतात. 'त्याच्या खोलीत खत ठेवू नका.' 'त्याचे बूट तसेच राहू देत.' बूट राहू देत म्हणतात म्हणजे फार काही बिघडलेलं नाही, असं आईचं मत. मला विचारशील तर ते बूट तुझ्या पायापेक्षा बाबांच्याच पायाला जास्त बसतात.

बरं, कामाचं बोलते. फोन तुमच्याकडून काढून घेतलेत म्हणून हे हाताने लिहावं लागतंय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

आज मिसेस ऑर्नेलस बाईंनी बोलावलं होतं. बारावीच्या सगळ्यांना बोलावतात, 'पुढे काय' विचारायला. मी म्हटलं, मर्सेडच्या विद्यापीठात जायचंय, इंजिनिअरिंगला. बाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर २.६१.

मी म्हटलं, "हे काय, माझी उंची आहे का मीटरमध्ये?"

"हा तुझा जीपीए आहे, झेलिया, चारपैकी सरासरी. आपल्या राज्याच्या मुलांना तीन लागतात. तीनच्या खाली अर्ज बघतसुद्धा नाहीत."

"थोडं खालीवर चालत नाही का?"

"तू नववीत वाइस प्रिन्सिपलच्या गाडीत गाईंचा आंबवलेला मुरघास भरलास तेव्हा विचारायला हवं होतंस हे."

दादा, ती गाडी अजून वास मारते म्हणे. तीन वर्षं झाली. पण त्या वर्षी मला काढून टाकलं होतं ना दोन आठवडे, आणि परत आल्यावर मीच फारसं मनावर घेतलं नाही. नववीचा कागद बघितलास तर डोळे दुखतील.

अर्जाची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. नाही जमलं तर काय होणार ते ठरलेलं आहे. बाबांनी आविला मालकांना शब्द देऊन टाकलाय, जूनपासून झेलिया पहाटेच्या धारांना येईल. तुझ्या जागी. मला विचारलं नाही. मी काही बोलले पण नाही. पण मी धारा काढायच्या त्या खड्ड्यात उभी राहून आयुष्यभर सडांना यंत्रं लावत बसले ना, तर मी गाईंना इतकं छळीन की दूध फाटूनच बाहेर येईल.

तुला गणित यायचं. तू असतास तर तूच मोजलं असतंस.

तुझी डोकेदुखी,
झेलिया


१३ ऑक्टोबर

दादा! दादा, दादा, दादा!

तीन पॉइंट एक पाच! माझे! ३.१५!

ऐक. आज जेवणाच्या सुट्टीत मर्सेडहून एक बाई आल्या होत्या, मिस लोर. निळं टेबल, निळा फळा, निळी पेनं. पेनं फुकट होती म्हणून मी मूठभर उचलली. त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "अर्ज भरायला एक पुरतं."

मी म्हटलं, "अर्ज नाही भरत मी. २.६१."

"ते शाळेचं की आमचं?"

"म्हणजे?"

"शाळा सगळं मोजते. आम्ही नववीचे मार्क धरत नाही. नववी पास हवी, विषय झालेले हवेत, पण मोजायचं ते फक्त दहावी आणि अकरावीचं. मधल्या सुट्ट्यांत काही केलं असेल तर ते."

मी तिथेच उभी. हातात पेनं. मी म्हटलं, "बाई, परत म्हणा." त्यांनी परत म्हटलं. मी म्हटलं, "म्हणजे नववीत कुणी गाडीत मुरघास भरला असेल तरी?" त्या म्हणाल्या, "मुरघास म्हणजे काय ते मला माहीत आहे, आणि मला पुढचं ऐकायचं नाहीये."

आणि अजून ऐक, अधिक-उणं पण बघत नाहीत! बी-उणे म्हणजे बीच. ए-उणे म्हणजे ए. अरे, माझं तर सगळं शिक्षणच बी-उणेमध्ये झालंय! जेवढ्यावर भागतं तेवढंच करायचं, हा माझा नियम. वाटतंय हा कायदा करणाऱ्याला कुणीतरी माझा फोटो दाखवला असणार.

इतिहासाच्या तासाला वहीच्या मागे मोजलं. ए चे चार, बी चे तीन, सी चे दोन, बेरीज, भागाकार. ३.१५. मी किंचाळले. वर्गाबाहेर काढलं. बाहेर जाऊन परत किंचाळले.

नववी गेली, दादा! नव्हतीच ती! कशाला आयुष्यभर रडत बसायचं एका वर्षासाठी, कुणी बघतच नाही त्याच्याकडे! नाचून नाचून पाय दुखताहेत.

पाकिटावर या वेळी हृदयं काढलीयत. मोज.

विद्यापीठकर झेलियाबाई


२१ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र काल आलं. पाच ओळी, पण आलं.

'पाकिटं साधी पाठव. पन्नास मारावे लागले. आणि अर्जाच्या नादी लागू नकोस, वाईट वाटेल. मीही मोजलं होतं माझ्या वेळी. नववीपासून सगळं धरतात. २.९ आले. म्हणून भरलाच नाही. बाबांना सांगू नकोस.'

हे तू माझं दुसरं पत्र मिळायच्या आधी लिहिलंयस. तारखेवरून कळतं.

मी आज शाळा बुडवून पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, मागच्या आठवड्यात टाकलेलं एक पाकीट परत हवंय, त्यावर हृदयं आहेत. तो म्हणाला, "बाळ, ते आता इलिनॉयमध्ये असेल." मी म्हटलं, फोन करा ना त्यांना. तो हसला. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, "ब्रेकअप?" मी हो म्हटलं. सोपं पडलं.

ते पत्र तू वाचलं असशील एव्हाना. त्यातलं नाचणंबिचणं. मला माहीत नव्हतं, दादा. तू तर सगळ्यांना म्हणाला होतास, 'मला कॉलेज नको.' जेवणाच्या टेबलावर म्हणालास. बाबांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "नको तर नको, मग फावडं उचल." आणि तू दोन वर्षं फावडं उचललंस. मला वाटायचं, असतात काही लोक, त्यांना शेण आवडतं.

तू कुणाला विचारलं का नाहीस? ऑर्नेलसबाईंना? मला? मी तेव्हा नववीत होते हे खरं, पण तरी.

तुझ्या नववीत काय मार्क होते? सहज विचारतेय.

बाकी सगळे मजेत. पाकीट साधं आहे.

झेलिया


४ नोव्हेंबर

दादा,

तुझ्याकडून काही नाही. रविवारी लिहू देतात ना तुम्हाला? दोन रविवार गेले. रागावला असशील तर रागावून तरी लिही, 'गाढव' एवढा एक शब्द पुरे.

माझं काय झालं ते सांगते, म्हणजे तुला बरं वाटेल. ३.१५ मेलं.

अर्ज उघडला संगणकावर. एकेक विषय भरायचा. मी पहिला कुठला भरला? पी.टी. चारही सेमिस्टर ए, शाळेभोवती धावायचं आणि मिळवायचं. शोधते तर यादीत पी.टी. नाहीच! ऑर्नेलसबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, पी.टी. धरत नाहीत ते. अभ्यासाचे विषयच धरतात." मी म्हटलं, "धावताना मी किती अभ्यास करते तुम्हाला काय माहीत." मग फुलांचा वर्गही मीच खोडून टाकला. टोस्टेसरांचा तो, शेतकीच्या इमारतीत, जिथे आपण नाचाच्या दिवसाचे गजरे आणि जत्रेतल्या राणीच्या मुकुटाची फुलं करतो. तो कोण धरणार? मुलं तिथे बसायला मिळतं म्हणून येतात.

राहिले इंग्रजी, इतिहास, गणित, विज्ञान आणि पोर्तुगीज. वीस मार्क. बेरीज एकोणसाठ.

साठ असती तर तीन. एकोणसाठ म्हणजे २.९५.

एक, दादा. विसांपैकी एखादा सी जर बी असता ना, कुठलाही. मी कोणता सी होता ते पण शोधलं. रसायनशास्त्र, दुसरं सेमिस्टर. त्या पेपरच्या दिवशी मी मागच्या बाकावरच्या पोराच्या बुटाच्या नाड्या टेबलाला बांधत होते.

आता खरं सांगते. अर्जात मार्क आपणच भरायचे असतात. शाळा आत्ता काही पाठवत नाही, ते तपासतात पुढच्या जुलैत, प्रवेश मिळाल्यावर. मी सी च्या जागी बी केला. स्क्रीनवर. एक बटण. आणि बघत बसले. वाचनालयात कुणी नव्हतं. मी बटणावर बोट ठेवून तशीच.

जगात मला खोटं बोलायला कधी जड गेलं नाही, तुला माहीत आहे. मी मावशीला पटवलं होतं की आविलांकडे जुळी वासरं एकाच शेपटीची झालीयत. पण खोडीत कसं असतं, शेवटी समोरच्याला कळतं, तो शिव्या देतो आणि मग हसतो. हसला नाही तर ती खोडी फसली. हे कळलं तर कुणीच हसणार नाही. बाबा तर नाहीच. मी परत सी केला. बोट दुखलं असं वाटलं, पण ते मनाचं असेल.

तर २.९५. तुझ्यापेक्षा पाच शतांश जास्त, म्हणून मिरवणार होते.

पण नाही मिरवत. कारण मी अजून एक काम केलंय. आईच्या खणात तुझे शाळेचे निकाल होते. मी तुझं मोजलं. नववी वगळून, पी.टी. वगळून, अधिक-उणं सोडून. दोनदा मोजलं, आणि मग पोर्तुगीजच्या तासाला तिसऱ्यांदा.

आकडा माझ्याकडे आहे. तू विचारलंस तर सांगीन. नाही विचारलंस तर कधीच काढणार नाही विषय. शपथ.

झेलिया


१६ नोव्हेंबर

दादा,

'आकडा सांग.' एवढंच लिहिलंयस. बरं.

तीन पॉइंट पाच पाच.

परत लिहिते, म्हणजे वाचताना चुकलं असं वाटणार नाही. ३.५५. बेरीज एकाहत्तर, भागिले वीस. नववीचे सोळा मिळवले की सत्त्याऐंशी, भागिले तीस, तेव्हा तुझे २.९ येतात. तुझं गणित बरोबर होतं. एक अख्खं वर्ष जास्तीचं धरलंस, एवढंच.

थांब. पत्र फेकू नकोस. पुढे वाच, तुझ्यासाठीच आहे.

मी बाबांना सांगितलं. नको म्हणाला होतास, माहीत आहे, ये आणि मार मला.

संध्याकाळच्या धारा झाल्या होत्या. बाबा पाइपने फरशी धूत होते. मी मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बाबा, दुआर्तेला कॉलेजला जायचं होतं."

पाणी चालूच. "नको म्हणाला तो."

"आकडा कमी आला म्हणून नको म्हणाला. चुकीचा मोजला होता त्याने."

"त्याने चुकीचं मोजलं? त्याने?" अशा आवाजात म्हणाले ना, दादा, जसं काही मी सांगितलं की आविलांचा वळू अंडी घालतो.

मग मी सगळं सांगितलं. नववीचं पण. तुझ्या नववीत सी आणि डी का होते, मला कुठे माहीत होतं, मी तेव्हा सहावीत. मी म्हटलं, नववीत काय झालं होतं त्याला कोण जाणे, एकदम घसरला आणि दहावीत एकदम वर.

बाबांनी नळ बंद केला. म्हणाले, "नववीत माझा पाय मोडला होता."

तेव्हा मला आठवलं. त्या काळ्या गाईने बाबांना गेटमध्ये दाबलं होतं. बाबा घरात पलंगावर आणि पहाटे कोणीतरी त्यांचे बूट घालून जायचं. मला वाटायचं मामा जातो. तो तू होतास ना? धारा काढून मग शाळेत. म्हणून ते बूट.

बाबा खाली बघत होते, आपल्या पायाकडे. "म्हणजे माझ्या पायापायी..."

मी म्हटलं, "नाही बाबा! तेच तर सांगतेय मघापासून! ते वर्ष धरतच नाहीत! तुमच्या पायाने काही गेलं नाही त्याचं. एक शतांश पण नाही गेला."

बाबांनी वर बघितलं. मग म्हणाले, "त्याला हे माहीत आहे?"

"त्याला वाटत होतं त्याच वर्षाने घात केला."

"आणि बोलला नाही."

"तुम्ही बोलता?"

एरवी अशा बोलण्यावर मला पाइपाने भिजवलं असतं. ते नुसतेच गेटला टेकून उभे राहिले. एक गाय परत आत आली, काय चाललंय बघायला. बाबा तिला म्हणाले, "जा गं, घरगुती आहे."

दादा, मला वाटतं तू दोन वर्षं त्यांच्यावर चिडलेला होतास आणि ते तुझ्यावर, आणि दोघांचं कारण ते एकच वर्ष, जे कुणी मोजतच नाही. चुकत असेन तर सांग. मला काय, मी २.९५ वाली.

म्हणजे होते. कारण ऐक आता.

दोन दिवसांनी परत अर्ज उघडला, बंद करायचा म्हणूनच. तर त्यात लाल अक्षरात काहीतरी. 'कला, एक वर्ष. बाकी.' मी ऑर्नेलसबाईंकडे पळाले. "हे कसलं?" त्या म्हणाल्या, "चित्रकला, संगीत, नाटक, काहीतरी एक वर्ष केलेलं हवंच. केलंयस ना?"

मी चित्र काढलं तर गाय आणि टेबल यांत फरक करता येत नाही. गाणं तू ऐकलंयस. मी खुर्चीवर बसले. म्हटलं, संपलं. आकडा पण नाही आणि कला पण नाही.

बाई म्हणाल्या, "अगं, पण फुलांचा वर्ग?"

"टोस्टेसरांचा?"

"मग काय. रंग, आकार, मांडणी शिकवतात ना ते? कला म्हणून मंजूर आहे तो. या भागातल्या किती शाळांत आहे. अर्ध्या शेतकऱ्यांच्या पोरांची कला फुलांवरच भागते. तू भरला नाहीस?"

खोडला होता, मी! मीच! गजरे म्हणून!

दोन सेमिस्टर. पहिल्यात ए. दुसऱ्यात बी, आणि बी का ते तुला माहीत नसेल. वाइस प्रिन्सिपलच्या वाढदिवसाला मी त्यांच्या दारात हाताएवढा पांढरा हार ठेवला होता, थडग्यावर ठेवतात तसा, रिबिनीवर 'आमच्या मनात सदैव जिवंत'. टोस्टेसर म्हणाले होते, हार उत्तम आहे, पण तुला ए दिला तर माझी नोकरी जाईल.

एकोणसाठ अधिक चार अधिक तीन. सहासष्ट. भागिले बावीस.

तीन.

पॉइंट शून्य शून्य. काठावर. अजून एक हार आणि मी सी वर आले असते, मग मेलेच होते.

मी धावत टोस्टेसरांकडे गेले. ते एवढ्या मोठ्या हातांनी गुलाबाचे काटे काढत होते. म्हटलं, "सर, तुमच्यामुळे तीन झाले!" ते म्हणाले, "तीन काय? काय मोडलंस?"

अजून पाठवलेला नाही अर्ज. दोनदा तपासलाय. पण दोनदा मी तपासलाय, म्हणजे काय ते तुला कळतं. सगळे बावीस मार्क मागच्या पानावर लिहिलेत. बघशील का? आपल्या घरात गणित चुकायची सवय आहे.

झेलिया


३० नोव्हेंबर

दादा,

तुझा कागद वेळेत आला. बावीसच्या बावीस समोर बरोबरची खूण, खाली दोन रेघा आणि '३.००. पाठव, गाढव.' तो 'गाढव' मी आईला पण वाचून दाखवला. आई म्हणाली, आला आपला मुलगा.

पाठवला. आज दुपारी. बटण आईला दाबायला सांगितलं, ती म्हणाली माझे हात रताळ्याचे आहेत. बाबांना सांगितलं. त्यांनी हात धुतले, पुसले, परत धुतले, आणि एका बोटाने असं दाबलं जसं काही विजेचा झटका बसणार होता. काही झालं नाही. 'धन्यवाद' आलं. बाबा म्हणाले, "एवढंच?"

थँक्सगिव्हिंगला तुम्हाला घरी एक फोन करू दिला, तेव्हा मी मुद्दामच उचलला नाही. मी स्वयंपाकघरात होते, हातात टर्कीची तंगडी, आणि आईला डोळ्यांनी खुणावत होते की तू पण उचलू नकोस. बाबांनाच उचलावा लागला. मला इकडून फक्त त्यांचंच ऐकू येत होतं.

"हं."

"हं. थंडी आहे?"

"इथे नाही."

मला वाटलं कट झाला. मग बाबा म्हणाले, "त्या वर्षी तू होतास म्हणून गाई वाचल्या. मी कधी म्हटलं नाही."

तू काय बोललास मला माहीत नाही. विचारणार पण नाही. बाबा जेवायला बसले आणि सूपमध्ये पाव बुडवून तसाच विसरले. मग आविला मालकांचा विषय काढला. म्हणाले, "जूनसाठी दुसरं कोणी बघा म्हणतो त्यांना." मी म्हटलं, "अजून मिळाला नाहीये प्रवेश!" ते म्हणाले, "नाही मिळाला तरी. तू गाईंना हसवतेस, दूध कमी देतात."

ट्रेनिंग संपलं की आम्ही तिघं येतोय बघायला. बाबा विमानात पहिल्यांदा बसणार. मी त्यांना सांगितलंय की खिडकी उघडता येते, बटण दाबून विचारायचं फक्त. वाट बघतेय.

झेलिया


२१ मार्च

दादा,

आता तुझ्याकडे फोन आहे, पण फोनवर तू 'हं' आणि 'ठीक' एवढंच बोलतोस, बाबांवर गेलायस अगदी. म्हणून हे पत्र. आणि दुसरं म्हणजे, एवढी मोठी गोष्ट फोनवर 'हं' ऐकायला सांगायची नाही असं मी ठरवलं होतं.

मिळाला.

मर्सेड. इंजिनिअरिंग. शाळेच्या पार्किंगमध्ये उभी असताना कळलं. अर्ज उघडला, हिरवा रंग आला, आणि मी वाचलं तीन वेळा कारण मला वाटलं कोणीतरी माझीच खोडी काढतंय. खूप लोक टपलेले आहेत माझ्यावर, शक्य होतं.

ऑर्नेलसबाईंनी मिठी मारली. वाइस प्रिन्सिपलांनी हात मिळवला आणि म्हणाले, "आमची चार वर्षं झाली. आता तिकडच्यांची चार वर्षं." टोस्टेसरांनी एक गुलाब दिला, काटे न काढता.

बाबांना सांगायला गोठ्यात गेले. ते खड्ड्यात उभे होते, वर गाई, यंत्रांचा आवाज. मी ओरडले, "मिळाला!" त्यांनी ओरडून विचारलं, "काय मिळालं?" मी ओरडले, "प्रवेश!" त्यांनी सगळी यंत्रं बंद केली. मधेच, धारा चालू असताना. असं कधी केलेलं नाही त्यांनी, आपल्या जन्मात तरी. गाई पण बघायला लागल्या. ते वर चढून आले, पाय थोडा ओढत, आणि माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. शेणाने माखलं सगळं. मी काही बोलले नाही, आणि मी काही बोलले नाही हे ते नंतर आईला तीनदा सांगत होते.

आता ऐक, हे तुझं आहे.

प्रवेश मिळालेल्यांना शनिवारी बोलावलं होतं. मिस लोर तिथे होत्या. मी त्यांना तुझं सांगितलं. ३.५५, न भरलेला अर्ज, नौदल, सगळं. म्हटलं, चार वर्षांनी सुटेल तो, तेव्हा त्याचा तो आकडा चालेल का? मी खिशात लिहून नेला होता, बेरजेसकट.

त्या म्हणाल्या, "तेव्हा त्याची शाळा कुणी विचारणारच नाही."

"म्हणजे दहावी-अकरावी पण नाही?"

"काहीच नाही. त्याने मधल्या काळात साध्या कॉलेजचे वर्ग केले, दोन वर्षांइतके, की आम्ही फक्त ते बघतो. नौदलातली मुलं करतात, जहाजावरून, बंदरावरून. मग येतात तिसऱ्या वर्षाला."

म्हणजे तुझे २.९ पण गेले आणि ३.५५ पण गेले, दादा. मला आधी जरा वाईटच वाटलं, इतक्या वेळा मोजला होता मी तो आकडा. मग गाडीत बसल्यावर कळलं, की आता तू काय मोजायचं ते तूच लिहिणार आहेस, पहिल्या ओळीपासून.

सोबत वर्गांची माहिती आहे, मिस लोरनी दिलेली. कुठले विषय घ्यायचे त्यावर त्यांनी खुणा केल्यायत. एका खुणेबद्दल मला शंका होती म्हणून मी त्यांना तिथेच परत विचारलं. आपल्या घरात आता विचारायची पद्धत सुरू झालीय.

बाबांनी पाकीट बंद करायच्या आधी हे वाचायला मागितलं. दिलं. म्हणाले, खाली जागा असेल तर मी पण लिहितो. त्यांचं अक्षर बघून हसू नकोस, मी हसले आणि आईने मारलं.

झेलिया

दुआर्ते. पहिला वर्ग कोणता घेतलास ते कळव. पाय बरा आहे. बाबा.